कवडशाला मी चोर ठरवलं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विचारणारे नव्हते असं नाही. जळगावात एखाद्या लग्नात पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला कुणीतरी गृहस्थ माझ्याकडे बोट दाखवून बायकोला सांगतो, "हेच ते, प्रखरवाले नाना." मग पत्रावळीवरचा हात थांबवून मला विचारतो, "नाना, त्या कवडशाचं पुढे काय झालं हो?" मी दरवेळी म्हणतो, "कवडसा कुठे टिकतो का? ऊन सरकलं की तोही सरकतो." ऐकणारा खूश होतो. त्याला वाटतं, म्हातारा केवढं खोल बोलला. हे वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, म्हणजे खरं सांगायची वेळ येऊ नये.

आता प्रखर-कवडशाच्या त्या जुन्या चित्रकथांचं पुस्तक निघालं आहे. गुळगुळीत कागद, रंगीत कव्हर आणि कव्हरवर माझं एकट्याचं नाव. ते चुकीचं आहे, म्हणून लिहायला बसलो.

त्या काळी जळगावहून एक दैनिक निघायचं. त्याच्या रविवारच्या पुरवणीचं शेवटचं अर्धं पान माझं. मी एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. परदेशातल्या महानायकांना प्रयोगशाळेत अपघात होऊन शक्ती मिळते, किंवा ते दुसऱ्या ग्रहावरून पडतात. आमच्याकडे प्रयोगशाळा नव्हती आणि ग्रहांना जळगाव माहीत नव्हतं. आमच्याकडे मे महिना होता. तेव्हा माझा नायक भर दुपारी टॉवर चौकात उघड्या डोक्यानं उभा राहिला आणि मेला नाही, हाच त्याचा चमत्कार. ऊन अंगात साठवायचं आणि तळहातातून सोडायचं. नाव प्रखर. दिवसा तो मास्तर, तोही चित्रकलेचा. चेहरा माझा, दंड दुसऱ्या कुणाचे तरी. त्याच्या खांद्यावर उपरणं असायचं. त्यांच्यासारखी पाठीवर फडफडणारी झूल मला नीट काढता येत नसे, म्हणून उपरणं.

प्रखरची एकच अडचण होती. पावसाळ्यात त्याची शक्ती निम्मी व्हायची. त्यामुळे आषाढ-श्रावणात आमच्या पानावर खलनायकांची चंगळ असे, आणि नायक खिडकीत बसून ढगांकडे बघत न्याय-अन्यायावर बोलत असे.

"नाना," संपादक एकदा म्हणाले, "हा एकटाच किती बडबडणार? याला एखादं पोरगं जोडून द्या."

साथीदार या प्राण्याचा जन्म जगभर असाच झाला असणार. नायकाला शत्रूशी लढायला कुणी लागत नाही. "तो बघ, पूल कोसळतोय," हे सांगायला मात्र कुणीतरी लागतं. मी हाफपँटमधलं एक पोरगं काढलं. नाव दिलं नाही. ते प्रखरच्या मागे उभं राहायचं आणि प्रत्येक चौथ्या चौकटीत म्हणायचं, "वा, गुरुजी!" माझं समाधान झालं. शाळेत मला असं म्हणणारं कुणी नव्हतं.

त्याच सुमारास तो, माझ्या चित्रांवर शाई चढवणारा, माझ्याकडे आला. धरणगावजवळच्या खेड्यातला, बाविशीचा, किडकिडीत, जाड भुवयांचा, गळ्याला कायम रुमाल. कपाशीच्या बियाण्यांच्या जाहिराती भिंतींवर रंगवायचा. वरच्या दातांत एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, त्यामुळे तो हसला की काहीतरी लबाडी करून आल्यासारखा दिसायचा. लबाडी त्याला येत नव्हती. हे मी इथेच लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

आमचं काम असं चालायचं. मी पेन्सिलीनं कच्चं चित्र काढायचो आणि फुग्यांमधले संवाद लिहून द्यायचो. तो त्यावर ब्रशनं शाई चढवायचा, सुबक अक्षरं काढायचा आणि शाई वाळली की माझ्या पेन्सिलीच्या रेघा रबरानं पुसून टाकायचा. म्हणजे छापखान्यात जायच्या कागदावर माझ्या हातची एकही रेघ उरत नसे. छापून येई ते सगळं त्याच्या हातचं. कोपऱ्यात सही माझी, आणि तीही तोच गिरवायचा.

एका रविवारी मी पुरवणी उघडली. पोरगं "वा, गुरुजी!" म्हणत नव्हतं. प्रखर दरडीखाली अडकला होता, आणि पोरगं एका फटीतून आत शिरून म्हणत होतं, "मी शे ना!"

सोमवारी मी त्याला धरलं. "हे कुणी लिहिलं?"

"मी, नाना."

"कुणाला विचारून?"

"नाना, तो काय निस्ता वा-वा कराले वना शे का?"

आमची ही आतून हसली. मला हसू आलं नाही. प्रखर शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचा, आणि हे पोरगं त्याच्यासमोर 'मी आहे ना' न म्हणता अहिराणीत 'मी शे ना'. मी संपादकांकडे तक्रार घेऊन जाणार, तेवढ्यात त्यांचाच निरोप आला: पोरं वेडी झाली आहेत, हेच चालू ठेवा. मग गल्लोगल्ली सुरू झालं. शाळेत मी वर्गाला विचारलं, "फळा कोण पुसणार?" तर सगळा वर्ग ओरडला, "मी शे ना!"

त्यानंतर त्यानं पोराला नाव दिलं: कवडसा. त्याची करामतही यानंच ठरवली. प्रखरला आख्खं ऊन लागायचं, कवडशाला कौलातली एक फट पुरायची. जिथे फट तिथे तो शिरणार, आणि अंधारात अडकलेल्याला उजेड दाखवणार. पावसाळ्यातल्या गोष्टींचा माझा प्रश्न सुटला, कारण ढगांनाही फटी असतात. हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. पुढे लोकांना मी सांगत आलो की एकदा माजघरात बसलो असताना कौलातून आलेला उजेड पाहून मला ही कल्पना सुचली. आमच्या घराला पहिल्यापासून स्लॅब आहे.

पत्रं यायला लागली. "प्रिय कवडसा" अशीच सुरुवात. प्रखरला शेवटी नमस्कार असायचा, जसा आपण मित्राच्या वडलांना कळवतो. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "कवडसा मोठा झाल्यावर प्रखर काय करणार?" पत्र वाचून तो हसला, दात दिसला. मी ते पत्र घडी करून बाजूला ठेवलं. तिला उत्तर दिलं नाही, कारण ते मलाही माहीत नव्हतं.

मग एका संध्याकाळी तो घरी आला. नेहमी मागच्या दारानं यायचा, त्या दिवशी पुढच्या दारानं आला. हिनं चहा ठेवला.

"नाना, साहेब म्हणी राहिना, कवडशानं येगळं पान काढू." संपादकांना कवडशाचं वेगळं पान काढायचं होतं. मग तो मराठीत म्हणाला, बहुधा विनंती आहे हे मला समजावं म्हणून, "तुम्ही हो म्हणाल तरच. नाहीतर नाही."

"कवडसा मोठा झालाय वाटतं," मी म्हणालो.

"तसं नही, नाना."

"विचार करतो."

ही म्हणाली, "त्यात विचार कसला करायचा? पोर विचारतोय, हो म्हणा."

मी खरंच विचार केला. आठवडाभर दुसरं काही केलं नाही. त्यातून निघाला सूर्यमण्याचा भाग. प्रखरच्या छातीवर मी खास या भागासाठी बसवलेला सूर्यमणी चोरीला जातो. चोर कोण? कवडसा. तो मणी शत्रूला विकून टाकतो. प्रखर त्याला पकडतो, सोडून देतो, कारण नायक थोर असतो, आणि म्हणतो, "माझ्या उजेडाशिवाय तू आहेस कोण?"

कवडशाचा चेहरा आतापर्यंत कुठल्याही पोराचा असायचा, गोल, दोन ठिपके आणि एक रेघ. या भागात मी त्याला तरुण केलं. जाड भुवया दिल्या. गळ्यात रुमाल बांधला. आणि शेवटच्या चौकटीत तो हसतो तेव्हा दातावर दात काढला.

ती पानं शाई चढवायला मी त्याच्याच पुढे ठेवली.

इतर नायक आपल्या साथीदाराला धक्के मारून बाहेर काढतात, त्याच्यावर ओरडतात, फार तर गच्चीवरून ढकलतात. स्वतःची बदनामी स्वतःच्या हातानं सुबक अक्षरांत काढ, असं आपल्या साथीदाराला सांगणारा नायक मी कुठे वाचला नाही. या बाबतीत मी पहिला असेन.

त्यानं शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. "नाना, हाऊ मी शे का?"

"कवडसा आहे तो. शाई चढव, उद्या द्यायचंय."

त्यानं शाई चढवली. कामचुकारपणा केला असता तर मला बरं वाटलं असतं. एक भुवई पुसट केली असती, रुमाल विसरला असता. नाही. दाताखालची सावलीसुद्धा त्यानं बारीक ब्रशनं काढली. आमच्या सगळ्या पानांत चांगलं काम कोणतं म्हणाल तर तेच. नव्या पुस्तकात ते मोठं करून छापलंय. "माझ्या उजेडाशिवाय तू आहेस कोण?" हे त्याचं अक्षर आहे, एकसारखं, टपोरं. मग त्यानं पेन्सिल पुसली, रबराचा भुगा फुंकला, ब्रश धुतला, कोपऱ्यात माझी सही गिरवली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाला, "काकू, येतो."

ही बाहेर आली तोवर तो फाटकापाशी होता. "जेवून नाही गेला," ही म्हणाली. मी म्हणालो, "घाई असेल."

रविवारी पुरवणी आली. आमच्याकडे पेपर एकटा कुणी वाचत नाही. चहाच्या टपरीवर एकजण वाचतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाचतात. त्याच्या गावात त्याला सगळे ओळखत होते, तो माझ्याकडे कामाला आहे हेही सगळ्यांना ठाऊक. मास्तर असं उगाच काढेल का, हा प्रश्न पडायला कुणाला वेळ लागला नाही. त्याचा मामा जळगावला आला आणि आमच्या अंगणात उभा राहिला. बसा म्हटलं तर बसला नाही.

"मास्तर, बठ्ठा गाव हासी राहिना. काय चोरं आमना भाच्यानी?"

"चित्रकथा आहे हो ती," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. 'काय चोरलं' याचं उत्तरही नव्हतं. मामा आल्या पावली निघून गेला.

थंडी पडली तशा भरीत पार्ट्या सुरू झाल्या. संपादकांच्या मित्राच्या मळ्यात आम्ही जमलो. कपाशी-तुरीच्या वाळल्या काट्या-तुराट्यांवर वांगी भाजली होती, लाकडी बडगीत ठेचली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या येत होत्या. कुणीतरी विचारलं, "नाना, खरं सांगा ना भो, काय उचललं त्या पोरानं? पैसे की सामान?"

 मी तोंडात घास घेतला. घास चावून होईपर्यंत बोलता येत नाही, हे किती सोयीचं असतं. मग मी हसलो आणि पातेल्याकडे हात केला. "वाढा अजून."

एवढंच. एक शब्द खोटा बोललो नाही. तरी पार्टी संपेपर्यंत मंडळींनी सामानही उचलायला लावलं होतं आणि पैसेही.

त्यानं जळगाव सोडलं, धुळ्याला गेला. तिथल्या एका शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा होती. त्याच्या अर्जात माझ्याकडे काम केल्याचं लिहिलेलं असणार, कारण मुख्याध्यापकांचा आमच्या शाळेत फोन आला. शिपाई मला वर्गातून बोलवायला आला.

"माणूस कसा आहे?" पलीकडून विचारलं.

"हात चांगला आहे त्याचा."

"ते कळलं हो. विश्वासू आहे ना?"

मला फक्त "आहे" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चित्र उत्तम काढतो." पलीकडचे गृहस्थ अनुभवी होते. "बरं बरं, आलं लक्षात," म्हणाले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तो धुळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवू लागला, ट्रकच्या मागे मोर काढू लागला. पुढे रंगांचं छोटं दुकान टाकलं, असं उडत उडत कानावर आलं.

कवडसा गेल्यावर प्रखरही फार टिकला नाही. शाई चढवायला मी दुसरा माणूस ठेवला. तो मी काढलेलं जसंच्या तसं उतरवायचा आणि मग लोकांना कळलं की मी कसं काढतो.

माझा नातू पुण्याला असतो. सुट्टीत येतो तेव्हा मोबाइलवर असल्या चित्रकथा वाचतो. मध्यंतरी त्यानं माझ्याकडून या सगळ्या महानायकांचा अभ्यास करून घेतला. मी विचारलं, "हे जोडीदार असतात त्यांचं पुढे काय होतं?"

"सेम असतं, आजोबा. तो मोठा होतो. गुरूला वाटतं हा अजून तयार नाही. मग भांडण. मग तो नवीन ड्रेस घालतो आणि दुसऱ्या शहरात जातो."

"मग?"

"मग मोठं संकट येतं, तेव्हा परत येतो. दोघं मिळून फाइट करतात."

"आणि माफी? ती कोण मागतं?"

नातवानं वर पाहिलं. "माफी? आजोबा, त्यांना वेळ कुठे असतो?"

ही पलीकडून मेथी निवडत म्हणाली, "तुझ्या आजोबांना वेळच वेळ आहे."

मी नंतर पुष्कळ पानं पाहिली आणि नातवाचं म्हणणं पटलं. हे लोक हातानं रेल्वे थांबवतात, पण आपल्या जुन्या चेल्याला 'चुकलं' म्हणायची वेळ आली की यांची मान वळते आणि उपरणं फडफडू लागतं. लेखक मंडळी त्यांना सांभाळून घेतात. तोंड उघडायची वेळ येते न येते तोच आकाशातून काहीतरी पडतं आणि लढाई सुरू होते. लढाईनंतर दोघं शहराकडे बघत उभे राहतात, आणि वाचकानं समजून घ्यायचं की मिटलं. चेल्याला काय वाटलं हे कुणी विचारत नाही.

आमच्याकडे आकाशातून काही पडत नाही. जळगावहून धुळ्याला सारख्या एसटी आहेत. एका वर्षी मी गेलोही, एका लग्नाचं निमित्त काढून. त्याच्या दुकानाच्या समोरच्या बाजूला एक खानावळ आहे. तिथे बसून मी शेवभाजी खाल्ली. समोर तो स्टुलावर बसून कुणाच्या तरी नावाची पाटी रंगवत होता. केस पांढरे. रुमाल होता. भाजी जहाल तिखट होती, डोळ्यांतून पाणी आलं, आणि अशा चेहऱ्यानं कसं जायचं म्हणून मी बस धरली.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "भेटला?"

"गिऱ्हाईक होतं त्याच्याकडे."

"तुम्हीही गिऱ्हाईकच व्हायचं होतं. एक पाटी करून घ्यायची, 'चूक झाली' अशी. बोलावं लागलं नसतं." एवढं बोलून ती आत गेली.

मग हे पुस्तक निघालं. लहानपणी ज्यांनी प्रखर वाचला ते आता वकील, डॉक्टर, केळीचे व्यापारी झालेत. त्यांनी वर्गणी काढून छापलं आणि जळगावात एका सभागृहात माझा सत्कार ठेवला. कुणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली की कवडशाचा शाईवालाही बोलवावा, गुरु-शिष्याची भेट घडवावी, फोटो छान येईल. तो येणार नाही असं मला वाटलं. तो धुळ्याहून एसटीनं आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि चौथ्या रांगेत बसला. व्यासपीठावर बोलावलं तेव्हा म्हणाला, "मी शे तठेच बरा शे."

आधीच्या दिवसांत मी वाक्यं तयार केली होती. न्हाणीघरात नळ सोडून मोठ्यानं म्हणून पाहिली. तू काही चोरलं नव्हतंस. कवडसा तुझा होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. मला माफ कर. हे म्हणायचं होतं माइकवरून, त्या सगळ्या पोट सुटलेल्या पोरांसमोर, ज्यांनी लहानपणी त्याला चोर म्हणून वाचलं होतं.

सूत्रसंचालन करणारा तरुण उत्साही होता. माझं नाव पुकारता पुकारता त्याला विनोद सुचला. चौथ्या रांगेकडे हात करून तो म्हणाला, "आज कवडसाही आलाय. भाऊ, तो सूर्यमणी परत आणलाय ना?"

सभागृह हसलं. वकील हसले, डॉक्टर हसले. तोही हसला, तोंड मिटून. आणि माइक माझ्या हातात होता. याहून सोपी वेळ कुणी कुणाला देऊ शकत नाही. मी घसा साफ केला आणि खान्देशच्या बालसाहित्यातील योगदानावर बोललो. मी इतका चांगला कधी बोललो नव्हतो. मध्येच दोन ठिकाणी टाळ्या पडल्या.

शाल, नारळ झाल्यावर संयोजकांनी त्याला जवळजवळ ओढतच वर आणलं. मी मनात म्हटलं, माइक नको, कानात सांगतो. तेही चालेल. मी एक पाऊल पुढे झालो आणि तो वाकला.

आमच्याकडे कुणी पायाशी वाकलं की हात आपोआप त्याच्या डोक्यावर जातो. त्याला तुम्ही काही करू शकत नाही. वाकायला मी हवा होतो, आणि माझा हात त्याच्या पांढऱ्या केसांवर होता. माफी मागायची तर आधी हा हात खाली यायला हवा होता. तो आला नाही. तोंडातून काय निघालं? "मोठा हो." साठीच्या माणसाला, ज्याचे गुडघे वाकताना वाजलेले मला ऐकू आले, त्याला मी म्हणालो, मोठा हो. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो उठला. उठताना त्यानं माझ्या कोपराचा आधार घेतला आणि उभा राहिल्यावरही कोपर लगेच सोडलं नाही. माझ्याकडे बघत राहिला. वाकून उठलेला माणूस साधारण जेवढा थांबतो त्यापेक्षा जास्त वेळ तो थांबला होता. ती चारही वाक्यं माझ्या तोंडात होती.

"नाना," खालून फोटोग्राफर ओरडला, "इकडे बघा, इकडे!"

मी तिकडे बघितलं.